जुना संगणक, जुनी विंडोज: बदलावी का?

प्रश्न: २०१२चा डेस्कटॉप आहे, आय-थ्री (तिसरी पिढी), ४ जीबी रॅम, विंडोज ७. बँकेचं काम आणि कृतीदेव फॉन्टमधलं टायपिंग होतं. विंडोज ११ टाकू का?
– एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर: ११चा नाद सोडा. तिला इंटेलची किमान आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही संगणकातली सुरक्षा-सोय लागते, आडमार्गाने बसवली तरी पुढच्या अपडेटची हमी नाही. विंडोज १०चा नियमित आधार (सुरक्षा अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. सातचा तर २०२०च्या जानेवारीतच संपला होता, म्हणून तीवर बँकेचं काम आजच थांबवा.

आधी २४० जीबीची साटा एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) घाला; जुनी हार्डडिस्क हाच खरा अडसर असतो. डीडीआर-३ रॅमची ४ जीबी पट्टी जोडली तर उत्तमच. मग ८ जीबी पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली, तिची हलकी एक्सएफसीई आवृत्ती, न बसवता चालवून पाहा. प्रिंटर, वायफाय, आवाज तपासा. प्रिंटर इथेच अडतो, बहुधा!

फायलींबरोबर सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमधले फॉन्ट्सही उतरवून घ्या. कृतीदेव युनिकोड (सगळ्या संगणकांना कळणारी अक्षरांची सामाईक पद्धत) नाही. फॉन्ट नसला की ‘भारत’च्या जागी ‘Hkkjr’सारखी रोमन अक्षरं दिसतात. फाइल बिघडलेली नसते, घाबरून पुसू नका.