जुना बिडाचा स्टॅन्ली रंधा ओळखावा आणि निवडावा कसा?

जुन्या बाजारात किंवा ऑनलाइन विक्रीला असलेला स्टॅन्ली रंधा कोणत्या काळातला आहे हे कसे ओळखावे, आणि सुतारकाम नव्याने शिकणाऱ्याने त्यातला कोणता घ्यावा, असे आपण विचारले आहे. असे रंधे दुरुस्त करून रोजच्या कामाला लावणे हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय असल्याने सविस्तर लिहितो.

या रंध्याची रचना करणारे लेनर्ड बेली यांची पेटंटे अमेरिकेतील कनेक्टिकटच्या स्टॅन्ली कंपनीने १८६९ मध्ये विकत घेतली. त्यानंतर रंध्याची मूळ रचना फारशी बदलली नाही. बदलत गेले ते बारीक तपशील, आणि वय ठरते ते त्यांवरूनच. पुढच्या टोकाला ‘बेली’ हे नाव ओतलेले असेल, तर रंधा साधारण १९०२ नंतरचा समजावा. पाते ज्या तिरक्या बैठकीवर टेकते, त्या फ्रॉगच्या मागे तो पुढेमागे सरकवण्याचा पेच असेल, तर तो १९०७ नंतरचा. फ्रॉगच्या मागे बिडात पेटंटच्या तीन तारखा असतील तर १९१० ते १९१८, एकच असेल तर त्यानंतरच्या दशकातला. पुढची लाकडी मूठ बसकी असेल तर १९१९ च्या आधीची, उंच असेल तर नंतरची. पाते दाबून धरणाऱ्या झाकणाचे भोक मूत्रपिंडाच्या आकाराचे असेल, तर ते झाकण १९३३ च्या सुमारास किंवा त्यानंतर बनले आहे.

मात्र मुठी, झाकण, पाते हे सगळे भाग सुटे होतात आणि शंभर वर्षांत ते अनेकदा बदललेले असतात, म्हणून वय ठरवताना आधी बिडाच्या सांगाड्यावर विश्वास ठेवावा. वेगवेगळ्या काळातल्या भागांचा रंधा संग्राहकाला नकोसा वाटेल, पण काम करणाऱ्याने त्याला नाके मुरडण्याचे कारण नाही. फक्त फ्रॉग सांगाड्यावर न डगमगता पक्का बसतो ना, एवढे पाहावे, कारण निरनिराळ्या काळात त्या बैठकीचा आकार वेगळा होता.

निवडताना मी सालापेक्षा अवस्थेला फार अधिक महत्त्व देतो. सर्वांत आधी तोंडाचे, म्हणजे तळातल्या ज्या फटीतून पाते बाहेर येते तिचे, दोन्ही कोपरे आणि बाजूच्या भिंती उजेडात नीट पाहाव्यात; तिथे चीर किंवा पितळी रंगाची सांध्याची रेघ दिसली, तर रंधा कितीही स्वस्त असला तरी सोडून द्यावा. तळाला पोलादी पट्टी लावून पाहावी: पुढचे टोक, तोंडाभोवतीचा भाग आणि मागचे टोक पट्टीला टेकत असतील, तर मधला किंचित खोलगटपणा चालतो. वरवरचा गंज निघून जातो. पात्याच्या सपाट बाजूला धारेजवळ गंजाने पडलेले खड्डे मात्र निघत नाहीत, आणि तिथे धार कधीच नीट टिकत नाही. सागावर काम करणार असाल तर पाते पुरेसे लांब शिल्लक आहे ना, हे आवर्जून पाहा, कारण सागातील सिलिका धार लवकर बोथट करते आणि पाते वारंवार घासावे लागते. पेच सगळे जागेवर असावेत. त्यांचे आटे वेगळ्या मापाचे असल्याने हार्डवेअरच्या दुकानातला साधा पेच तिथे बसत नाही. पात्याची खोली कमीजास्त करणाऱ्या पितळी चाकीचे आटे बहुधा उलटे असतात, त्यामुळे ती जाम वाटली तरी आधी थोडे तेल सोडावे, जोर करू नये.

पहिला रंधा म्हणून मी पाच नंबर सुचवेन. सुमारे १४ इंच लांबीचा हा रंधा खडबडीत फळी उतरवतो, कडा बऱ्यापैकी सरळ करतो आणि पाते बारीक लावले तर सफाईही देतो. सफाईसाठीचा ९ इंची चार नंबर आणि लांब कडा जुळवण्यासाठीचा २२ इंची सात नंबर नंतर घेता येतील. नंबरापुढे ‘सी’ असेल तर तळाला खाचा असतात. त्यासाठी जास्त पैसे मोजण्याची गरज नाही. इंग्लंडमधील शेफिल्डच्या ‘रेकॉर्ड’ कंपनीचे जुने रंधेही याच रचनेचे आहेत, त्यांच्या नंबरांच्या आधी शून्य असते, आणि ०५ चांगल्या अवस्थेत मिळाला तर तोही निःशंकपणे घ्यावा.