अंडी गोठवायची म्हणतेस, तर हे ऐक

अगं, पैशांचं नंतर. आधी एएमएचची (अंडाशयात किती अंडी उरलीत याचा अंदाज देणारं हार्मोन) रक्ततपासणी आणि सोनोग्राफी करून घे. अंडी पस्तिशीच्या आत गोठवलेली बरी. मी ३७ व्या वर्षी गेले, दोनदा करावं लागलं.

अंडी वाढवायची इंजेक्शनं साधारण १०-१२ दिवस, पोटावर, आपली आपणच टोचायची. सोलापूरचा मे महिना, म्हणून इंजेक्शनचं पेन फ्रिजमध्ये (फ्रीझरमध्ये नव्हे!). हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाताना मी ते टॉवेलात गुंडाळून बर्फाच्या थर्मासात नेलं, शेजारच्या काकू म्हणाल्या, "कुल्फी का गं?"

ट्रिगरचं इंजेक्शन (अंडी पक्व करणारं शेवटचं) मात्र गजर लावून घे. त्यानंतर ३४ ते ३६ तासांनी अंडी काढतात, वेळ चुकवू नकोस. क्लिनिक २०२१ च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्याखाली नोंदलेलं आहे ना, ते बघ. साठवण १० वर्षांपर्यंतच, भाडं वेगळं विचारून घे.