शॉट प्रॅक्टिसला पडतात, मग मॅचलाच काय होतं?

मी समुपदेशक आहे, आणि जुलै आला की माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो, कधी आई विचारते कधी पोरगी स्वतः. "मॅडम, प्रॅक्टिसला एकदम भारी खेळते हो, मॅचमध्ये नुसती गळपटते, कॉन्फिडन्स कसा वाढवायचा?" बारावीवाले पेपरबद्दल हेच विचारतात, पण खेळाडूंचं जरा वेगळं असतं कारण त्यांचं चुकणं सगळ्यांसमोर होतं आणि कोणीतरी ते मोबाईलवर शूट पण करत असतं. म्हणून एका मुलीचं सांगते. तिला विचारून सांगतेय, नाव बदललंय, घरचे काही तपशीलही. सायली म्हणू आपण.

सायली कॉलेजच्या बास्केटबॉल टीममध्ये, थर्ड इयरला. घर नाशिकच्या सातपूरला, पप्पा अंबडला कंपनीत, शिफ्ट ड्युटी. मागच्या सीझनला आंतरमहाविद्यालयीन मॅचमध्ये शेवटच्या मिनिटाला हिला दोन फ्री थ्रो (फाउल झाल्यावर लाइनवरून, कोणी न अडवता मारायचे शॉट) मिळाले, टीम एका पॉइंटने मागे, आणि दोन्ही बाहेर. मॅच गेली, झोनच्या टीमसाठी सिलेक्शन व्हायचं तेही गेलं, आणि ती क्लिप ग्रुपवर फिरली. या वर्षी सिनियर मुली पासआउट झाल्या, सरांनी हिला सांगितलं की आता स्कोअरिंग तुझ्याकडे, आणि नेमकं तिथून हिने शॉट मारणंच बंद केलं. म्हणजे समोर कोणी नाही, रिंग मोकळी, आणि ही पास देणार, तोही जिच्या अंगावर दोघी चढल्यात अशा मुलीला! सर ओरडायचे, मुली कुजबुजायच्या, आणि ही घरी येऊन म्हणाली मला खेळायचंच नाही. आई घेऊन आली माझ्याकडे.

मी खेळणाऱ्या मुलींना आधी मनाचं काही विचारत नाही. काय खातेस, किती झोपतेस, पाळी वेळेवर येते का, हे विचारते. पोरी सकाळी सहाला ग्राउंडवर नुसता चहा पिऊन जातात, पावसाने कोर्ट ओला असला की वायपरने पाणी काढतात, तेही नाही जमलं तर पांडवलेणीच्या पायऱ्या चढून स्टॅमिना, मग कॉलेज, आणि पोटात पहिला घास अकराला. सायलीचं पण तेच. हिमोग्लोबिन कमी निघालं, त्यासाठी डॉक्टरांकडे पाठवलं. पाळी दोन-तीन महिने चुकत असेल, रात्र रात्र झोप नसेल, छातीत धडधडून श्वास लागत असेल तर आधी डॉक्टर, समुपदेशन त्याच्या सोबत. हे मी प्रत्येक आईला सांगते आणि प्रत्येक आई म्हणते "हो पण कॉन्फिडन्सचं काय?"

तर कॉन्फिडन्सचं. मला विचाराल तर "कॉन्फिडन्स वाढव" हा सल्ला देणं म्हणजे ताप आलेल्याला ताप कमी कर म्हणण्यासारखं आहे. तिला शॉट येत होता, दहातले सात-आठ पडायचे, मग कमी काय होतं? मी तिला म्हटलं, फ्री थ्रोला रेफ्रीने बॉल हातात दिला की पाच सेकंद मिळतात, ते पाच सेकंद मला सावकाश सांग, काय दिसतं, काय ऐकू येतं. आधी म्हणाली काही नाही मॅम, टेन्शन येतं. मी गप्प बसले. मग म्हणाली, "रिंग नाही दिसत. पप्पांची गाडी दिसते."

पप्पा फर्स्ट शिफ्ट करून यायचे आणि ग्राउंडच्या कडेला गाडी लावून बघत उभे राहायचे. बोलायचे काहीच नाही. घरी जाताना मात्र एकच प्रश्न, "किती टाकले?"

आता हे ऐकून तुम्ही पप्पांना व्हिलन ठरवाल, पण थांबा. याच माणसाने ओव्हरटाइम करून पोरीला चांगले शूज घेऊन दिलेले. घरात आत्या म्हणते उन्हात काळी पडेल, गुडघे जातील, उद्या स्थळं बघायची, आणि हे एकटे सगळ्यांना उत्तर देतात की खेळू दे तिला. पण उत्तर देताना त्यांना काहीतरी दाखवायला लागतं ना! म्हणून तो आकडा. आणि सायलीच्या डोक्यात हिशोब असा बसलेला, एक शॉट चुकला की पप्पा आत्यापुढे एक पाऊल मागे गेले. मग कोण मारेल शॉट? पास दिला की निदान आपला चुकला असं तरी होत नाही. तिचं वागणं बाहेरून घाबरटपणाचं दिसत होतं पण आतून एकदम लॉजिकल होतं, आणि लॉजिकल गोष्ट पॉझिटिव्ह थिंकिंगने जात नाही, हिशोबच बदलायला लागतो.

पप्पांना बोलावलं. सुट्टीच्या दिवशी आले, खुर्चीच्या टोकावर बसले. म्हणाले, मॅडम मी कधी रागावलो नाही तिला. खरंच होतं ते. मी म्हटलं, भाऊ, तिला खेळायची परवानगी कधीपर्यंत आहे? ते गोंधळले, म्हणाले खेळेल तोपर्यंत. म्हटलं चांगली खेळेल तोपर्यंत की वाईट खेळली तरी? यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनीच सरकारी नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणाचा विषय काढला, म्हणजे मनात तेही होतं. मी स्पष्ट सांगितलं की ते आरक्षण आहे, पण नुसतं टीममध्ये असून होत नाही, ठरलेल्या लेव्हलच्या स्पर्धेत नंबर यावा लागतो, त्याचे नियम नीट वाचा, आणि कॉलेजच्या पोरीच्या एकेका फ्री थ्रोवर तो बोजा टाकू नका. शेवटी असं ठरलं की परीक्षेपर्यंत पूर्ण सीझन ती खेळणार, हरली जिंकली बेंचवर बसली तरी. हे तिच्यासमोर बोलायचं, एकदाच, आणि किती टाकले हा प्रश्न बंद. "मग विचारू काय?" म्हणाले. म्हटलं भूक लागली का विचारा. मॅचला यायचं की नाही हे ती ठरवणार.

दुसरी बाजू कोर्टवरची. सरांना भेटायला सायलीची हरकत नव्हती म्हणून त्यांच्याशी बोलले, सर समजूतदार निघाले. मुली प्रॅक्टिसला ओळीने पन्नास फ्री थ्रो मारतात, आठव्या-दहाव्याला हात बसतो, आणि मग वाटतं येतं आपल्याला. मॅचमध्ये पन्नास कोण देतंय, बहुतेक वेळा दोनच मिळतात, तेही धावून दम लागलेला असताना, पोरी ओरडत असताना. म्हणून त्यांनी ड्रिलच्या मध्येच शिट्टी मारून दोनच शॉट द्यायला सुरुवात केली आणि बाकीच्यांना सांगितलं करा आरडाओरडा. त्या तर तयारच होत्या.

आणि सूचना बंद केल्या. कोपर आत घे, मनगट सोड, गुडघा वाक, हे तिला लाइनवर उभी असताना पण चारी बाजूंनी ऐकू यायचं. हाताला सवयीने येणारी गोष्ट आपण ऐनवेळी भाग भाग करून तपासायला लागलो की ती अडखळते, मानसशास्त्रात यावर बरंच काम झालंय. जोन विकर्स नावाच्या संशोधक आहेत, त्यांनी १९९६ मध्ये फ्री थ्रो मारणाऱ्या खेळाडूंची नजर अभ्यासली, तर चांगले शूटर शॉटच्या आधी नजर रिंगवर एका जागी जास्त वेळ स्थिर ठेवतात असं दिसलं. म्हणून सायलीचं रुटीन आम्ही छोटंसं ठेवलं, दोन ड्रिबल, एक लांब श्वास सोडायचा, रिंगच्या पुढच्या कडेवर नजर आणि शॉट. पाच सेकंदात आरामात बसतं. गाडी दिसली तर दिसू दे, तिला घालवायच्या मागे लागायचं नाही, नजर परत कडेवर आणायची.

ओपन प्लेसाठी, म्हणजे चालू खेळातल्या शॉटसाठी, सरांनी पॉइंट मोजायचे सोडून एक वेगळंच मोजलं, मोकळी असताना शॉट मारला की नाही. पडला की गेला याचा कॉलमच नाही. पहिल्या आठवड्यात तिने दुसरंच काढलं, मोकळं व्हायचंच नाही म्हणजे मोजायचा प्रश्न नाही, कोपऱ्यात डिफेंडरला चिकटून उभी. सरांनी पकडलं. हसली स्वतःच.

तिला मी अमेरिकन बास्केटबॉलपटू विल्ट चेंबरलेनचं सांगितलं होतं. २ मार्च १९६२ ला तिथल्या एनबीए लीगच्या एका मॅचमध्ये त्याने १०० पॉइंट केले, त्यात ३२ पैकी २८ फ्री थ्रो पडले, आणि त्या सीझनला तो फ्री थ्रो दोन्ही हातांनी खालून टाकायचा. एरवी फ्री थ्रोत इतका कच्चा की पूर्ण करिअरची सरासरी ५१ टक्क्यांच्या आसपास. तरी खालून टाकणं सोडलं, कारण बायकी दिसतो असं त्याला वाटायचं. सात फुटाचा माणूस! सायली म्हणाली, "म्हणजे त्याला पण आत्या होती." यावर मी काय बोलणार.

सप्टेंबरमधल्या पहिल्या मॅचला तिने पप्पांना येऊ नका सांगितलं. त्यांना लागलं ते, मला फोन आला, मी म्हटलं भाऊ ठरलंय आपलं. त्या मॅचला फ्री थ्रोतला पहिला बाहेर गेला, दुसरा पडला, आणि मोकळी असताना बहुतेक शॉट मारले, त्यातले निम्मे पण पडले नसतील. टीम जिंकली, पण ती दुसऱ्या मुलींमुळे. झोनच्या टीममध्ये या वर्षीही नाव नाही आलं तिचं, रडली, दोन दिवसांनी परत ग्राउंडवर.

नंतर एका मॅचला तिनेच पप्पांना बोलावलं. गाडी तिथेच लावली त्यांनी. घरी जाताना सवयीने तोंडातून निघालंच, "किती..." आणि मग म्हणाले, "किती वाजता जेवली होतीस?" सायलीने हे मला हसत हसत सांगितलं. आत्या अजून तेच बोलते, पण आता पप्पा तिला आकडे सांगत बसत नाहीत, खेळतेय ती, एवढंच म्हणतात आणि विषय बदलतात.