वाचकांचे प्रश्न : सहकुटुंब सुट्टीत घाट चढायचा आहे

प्रश्न : येत्या उन्हाळ्यात पत्नी आणि दोन मुलांसह आम्ही दहा दिवस फ्रान्समध्ये राहणार आहोत. मी नियमित सायकल चालवतो आणि सपाट रस्त्यावर ८० ते १०० किलोमीटर सहज करतो. आल्प द्युएझ आणि माँ व्हाँतू हे दोन्ही प्रसिद्ध चढ या सहलीत करावेत, अशी फार इच्छा आहे. पण माझ्या हौसेपायी घरच्यांच्या सुट्टीचा विरस होईल, अशी धास्तीही वाटते. मेळ कसा घालावा? भाड्याची सायकल चालेल का?

उत्तर : आपली धास्ती रास्त आहे, आणि तिचे मूळ बहुधा हिशेबात सापडेल. सपाट रस्त्याची सवय असलेला माणूस ‘चौदा किलोमीटर तर आहेत’ असे म्हणून निघतो, आणि घरी सांगितलेली वेळ तिथेच चुकते. घाट किलोमीटरमध्ये मोजू नये; आपण किती मीटर उंची चढणार आहोत, हे पाहावे. नियमित सराव असलेला हौशी सायकलस्वार तासाला साधारण ६०० मीटर उंची गाठतो, असे धरून चाला. आल्प द्युएझचा चढ १३.८ किलोमीटरांचा असून सरासरी चढण ८.१ टक्के आहे (शंभर मीटर अंतराला ८.१ मीटर उंची), म्हणजे एकूण सुमारे १,१०० मीटर उंची. त्याला पावणेदोन ते दोन तास लागतील. बेदवाँ गावाकडून व्हाँतू चढायचा तर २१ किलोमीटरांत सुमारे १,६०० मीटर उंची आहे, म्हणजे पावणेतीन तास. त्यात थांबण्याचा आणि उतरण्याचा मिळून तासभर धरा, आणि येणाऱ्या बेरजेत आणखी अर्धा तास घालून ती वेळ घरी सांगा.

हे मी स्वतः चुकून शिकलो आहे. अशाच एका सुट्टीत नऊपर्यंत येतो म्हणून गेलो आणि साडेबारा वाजता परतलो. धाकटी मुलगी पोहण्याचा पोशाख घालून, टॉवेल मांडीवर घेऊन दारातल्या पायरीवर बसली होती. ती रागावली नव्हती, नुसती कंटाळून गेली होती, आणि मला त्याचेच अधिक वाईट वाटले. तेव्हापासून मी पहाटेच निघतो. पहाटे ऊन नसते, रस्त्यावर गाड्या कमी असतात, उन्हाळ्यातली दुपारची वादळे टळतात, आणि मुख्य म्हणजे घरच्यांचा दिवस सुरू होईपर्यंत आपला चढ उरकलेला असतो.

भाड्याची सायकल जरूर घ्या. मात्र आगाऊ नोंदवताना गिअरची चौकशी करा. ही बाब किरकोळ वाटते, पण सगळा चढ तिच्यावर अवलंबून असतो. तासाला ६०० मीटर उंचीच्या हिशेबाने आल्प द्युएझवर ताशी सात-साडेसात किलोमीटरच पडतील. पुढे पेडलजवळचे लहान चक्र ३४ दातांचे आणि मागच्या चाकावरचे सर्वांत मोठे चक्र २८ दातांचे असेल, तर या वेगाला पेडल मिनिटाला जेमतेम ४८ वेळा फिरते आणि प्रत्येक फेऱ्यात गुडघ्यावर जोर येतो. मागे ३४ दातांचे चक्र असेल, तर तेच पेडल ५८ वेळा फिरते आणि पाय मोकळे राहतात. पुढचा ब्रेक कोणत्या हाताला आहे, हेही ताब्यात घेतानाच पाहा. ते देशागणिक बदलते आणि उतारावर हात सवयीनेच चालतो.

आल्प द्युएझची २१ वळणे उलट्या क्रमाने मोजली आहेत. पायथ्याशी २१ आणि माथ्याजवळ १. सुरुवातीचे दोन किलोमीटर दहा टक्क्यांच्या घरात आहेत, आणि तिथेच उत्साहाच्या भरात माणूस धाप लागेपर्यंत पेडल मारतो. बोलता येईल इतकाच दम लागू द्या. वळणाच्या बाहेरच्या बाजूला चढण थोडी सौम्य असते. मागून-पुढून वाहन येत नसेल आणि आपली बाजू सोडावी लागणार नसेल, तरच तिचा फायदा घ्या. व्हाँतूवर शाले रेनार या माथ्याअलीकडच्या ठिकाणाच्या पुढचे शेवटचे सहा किलोमीटर उघड्याबोडक्या पांढऱ्या दगडांतून जातात आणि वाऱ्याला कोणताही आडोसा नाही. जोराचा वारा सांगितला असेल, तर तो दिवस सोडून द्या.

उंची हजार मीटरने वाढली की हवा सुमारे साडेसहा अंशांनी थंड होते, म्हणजे व्हाँतूचा माथा पायथ्यापेक्षा दहा अंशांनी गार असतो. घामाने भिजलेल्या अंगाने उतरताना बोटे इतकी बधिर होतात की ब्रेक दाबला जातो आहे की नाही, हेच कळेनासे होते. पातळ जॅकेट आणि पूर्ण बोटांचे हातमोजे पाठीच्या खिशात ठेवाच.

घरच्यांनी गाडीने मागोमाग यावे, असा आग्रह धरू नका. सायकलच्या वेगाने चालणाऱ्या गाडीत त्या वळणांवर मुलांना मळमळते, शिवाय रस्ता अडतो. आल्प द्युएझला माथ्यावर वस्ती आहे. त्यांनी सावकाश आवरून तिथे यावे आणि उरलेला दिवस सगळ्यांनी वरच घालवावा. व्हाँतूला मात्र एकट्याने जाऊन या.

दोन्ही चढांमध्ये निदान तीन दिवस ठेवा, आणि ते दिवस सायकलविना जाऊ द्या. निघण्यापूर्वी परत फिरण्याची वेळ पत्नीला सांगून ठेवा. व्हाँतूला सहा वाजता निघालात, तर सव्वानऊला जिथे असाल तिथून, माथा दिसत असला तरीही, सायकल वळवा.