सॅम्युअल हे नाव मूळ कुठलं? अर्थ काय?

मूळ हिब्रू आहे, शमुएल. 'शेम' म्हणजे नाव आणि 'एल' म्हणजे देव, म्हणून देवाचं नाव असा अर्थ बहुतेक जण लावतात. बायबलमधली हन्ना मात्र मुलाला हे नाव ठेवताना म्हणते की मी याला देवाकडे मागून घेतला, आपल्याकडे नवसाचं पोर म्हणतात ना तसंच, पण भाषेच्या हिशेबाने ते नीट बसत नाही. मराठी बायबलमध्ये तो शमुवेल होतो. आणि गंमत म्हणजे कोकणातल्या बेने इस्रायली, म्हणजे तिथल्या ज्यू, लोकांनी त्याचा चक्क सामाजी केला! मुंबईत 1796 मध्ये सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बांधणारे सॅम्युअल इझिकिएल दिवेकर म्हणजेच सामाजी हसाजी दिवेकर, मांडवीतला सॅम्युअल स्ट्रीट त्यांच्याच नावाचा.