वाचताना समजतं, पेपरात सुचत नाही

प्रश्न : ताई, गणिताची परीक्षा तीन आठवड्यांवर आलीय. मी रोज दोन तास वही घेऊन बसते, सोडवलेली गणितं वाचून काढते, तेव्हा सगळं समजतं, पण पेपर हातात आला की डोकं ब्लँक. वर सिली मिस्टेकमध्ये मार्क जातात ते वेगळेच. रिव्हिजन करायची तरी कशी?

उत्तर : अगं, घोळ त्या 'वाचून काढते'मध्येच आहे. सोडवलेलं गणित वाचताना प्रत्येक स्टेप पटतेच, कारण पुढची स्टेप खाली लिहिलेली असते, ती तुला शोधावी लागत नाही, आणि पेपरात नेमकं तेच करायचं असतं. म्हणून उत्तर झाक, कोरा कागद घे आणि सोडव. अडलीस तर पाच मिनिटं तशीच झटापट कर, मग फक्त एक ओळ बघ, परत झाक आणि पुढे जा. जिथे बघावं लागलं त्या गणितावर खूण कर, ते दोन दिवसांनी पुन्हा, मग आठवड्याने पुन्हा. लगेच केलंस तर ते नुसतं आठवतं, येत नाही. एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने तर १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं सुरुवातीलाच भराभर विसरतं.

दुसरं म्हणजे धडे मिसळून गणितं कर, हे फार कमी मुलं करतात. धड्याचं नाव दिसलं की रीत आपोआप कळते, पेपरात ते नाव नसतं. आता हीच दोन बघ : क्ष² − ५क्ष + ६ = ० आणि क्ष² − ५क्ष + ५ = ०. दिसायला जुळ्या बहिणी, पण पहिल्याचे अवयव चटकन पडतात, उत्तर २ आणि ३, दुसऱ्यात अवयव शोधत बसलीस तर दहा मिनिटं गेली, तिथे सूत्रच लागतं. कुठली रीत कुठे, हे ओळखणं हाच अर्धा पेपर.

आणि सिली मिस्टेक हा शब्द मला मुळीच आवडत नाही, कारण तो म्हटला की आपण चूक बघतच नाही! जुने पेपर काढ, चुका एका वहीत उतरव, दोन-तीनच प्रकार पुन्हा पुन्हा निघतील बघ. ५ − २(क्ष − ३) सोडवताना बरेच जण ५ − २क्ष − ६ लिहितात. वजा दोन गुणिले वजा तीन, म्हणजे अधिक ६, उत्तर ११ − २क्ष. मग सगळा पेपर तपासत बसायची गरज नाही, कंसापुढे वजा दिसला की तेवढंच थांबून बघायचं.

शेवटच्या आठवड्यात दोन-तीन पेपर घड्याळ लावून, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून सोडव. आदल्या रात्री नवीन काही नको, ती चुकांची वही चाळ आणि झोप.