शेजारचा फ्लॅट नक्की केवढ्याला गेला?

प्रश्न : आम्ही जुळे सोलापुरात रिसेलचा टू बीएचके बघतोय. एजंट म्हणतो 1050 स्क्वेअर फूट आहे, 45 लाख, म्हणजे 4300चा पण रेट पडत नाही, आणि समोरच्या बिल्डिंगमधला असाच फ्लॅट दिवाळीत 48 ला गेला. पण मिस्टरांच्या ऑफिसातले एकजण तिथंच राहतात, ते म्हणतात 39 ला गेला. खरं कुणाचं मानायचं?

उत्तर : ताई, दोघांचंही मानू नका. आपल्याकडं विकणारा भाव वाढवून सांगतो आणि घेणारा कमी करून सांगतो, एकाला मानाची काळजी आणि दुसऱ्याला इन्कम टॅक्सची, त्यामुळं चहाच्या टपरीवर कळलेला रेट म्हणजे फक्त गप्पा. खरेदी रजिस्टर झाली असेल तर तिचा इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा गोषवारा निघतो, आणि तो कुणालाही बघता येतो. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वेबसाइटवर ई-सर्च आहे, फुकट आहे, फक्त तो कॅप्चा दोन-तीनदा चुकतो तेव्हा चिडू नका.

तिथं जुळे सोलापूर असं टाकून शोधत बसाल तर काही हाती लागायचं नाही. हा सगळा हद्दवाढ भाग, 1992 ला शहरात आलेला, आणि कागदावर अजून मजरेवाडी, कुमठे, सोरेगाव अशी जुन्या गावांचीच नावं चालतात. म्हणून आधी एजंटकडून उताऱ्याची झेरॉक्स मागा, त्यावरचं गाव आणि सर्व्हे नंबर घ्या आणि मग सर्च करा. झेरॉक्स द्यायला कां कू करत असेल तर तिथंच काय ते समजा.

यादी मोठी येईल, घाबरू नका. हक्कसोड, बक्षीसपत्र, गहाणखत सोडून द्या, तो बाजारभाव नसतो. आणि खरेदीखताची तारीख ताजी असली तरी भाव ताजा असेलच असं नाही बरं का, नव्या बिल्डिंगमध्ये माणूस बुकिंग करताना करारनामा करतो आणि खरेदीखत होतं दोन-तीन वर्षांनी, भाव मात्र बुकिंगच्या वेळचाच. तुम्हाला रिसेलचं बघायचंय तर रिसेलचेच व्यवहार घ्या, जमलं तर त्याच बिल्डिंगमधले.

आता आकडे. इंडेक्स टू मध्ये मोबदला आणि बाजारभाव असे दोन रकाने असतात, मोबदला म्हणजे व्यवहारात लिहिलेली किंमत आणि बाजारभाव म्हणजे रेडी रेकनरनं, म्हणजे सरकारी दरांच्या तक्त्यानं काढलेली किंमत. दोन्ही आकडे जवळपास सारखेच दिसले तर मी तरी त्या व्यवहारावरून काही ठरवत नाही, कारण वरचे पैसे रोखीत गेले असायची शक्यता असते. मोबदला बाजारभावापेक्षा चांगलाच वर दिसला तर तो माणूस बहुतेक बँकेचं लोन काढून घेणारा, पैसे चेकनं गेलेत, तो आकडा खरा धरायला हरकत नाही. असे तीन-चार सापडले तरी बास.

आणि क्षेत्रफळ! कागदावर ते चौरस मीटरमध्ये असतं, 10.764 नं गुणा. तुमचा 1050 वाला फ्लॅट कागदावर 66.9 चौरस मीटर कार्पेट (म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा) निघाला तर तो झाला 720 फूट, मग रेट 4300 नाही, सव्वासहा हजारांच्या घरात गेला. एजंट खोटं बोलत नाही हो, तो सेलेबल सांगतो, त्यात जिना आला, लिफ्ट आली, पॅसेज आला. पण तुलना कार्पेटची कार्पेटशीच करा, नाहीतर 39 आणि 48 दोन्ही बरोबर वाटायला लागतील.

कागदात न दिसणारी गोष्ट म्हणजे पाणी. आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही हे मी तुम्हाला काय सांगू, त्यामुळं एकाच गल्लीत शेजारशेजारच्या बिल्डिंगच्या रेटमध्ये जो फरक दिसतो तो पुष्कळदा बोअरचा असतो. फ्लॅट मे महिन्यात बघा, दुपारी बघा, टेरेसखालचा असेल तर पंखा लावून दहा मिनिटं बसा, आणि वॉचमनला विचारा टँकर किती येतात. हे सगळं बघून मग 45 चं बोला.

प्रश्न : नवी पेठेजवळ आमचा जुना वाडा आहे, आम्ही चार भाऊ-बहिणी वारस. रेडी रेकनर सोलापुरात दहा टक्के वाढला म्हणतात, मग वाड्याची किंमत पण तेवढी वाढली का?

उत्तर : नाही. 1 एप्रिल 2025 ला राज्याची सरासरी वाढ 4.39 टक्के होती आणि सोलापूर महापालिका हद्दीत 10.17, हे खरं. पण त्याआधी दोन वर्षं रेट हललेच नव्हते, ते एकदम वर आले. तो सरकारचा स्टॅम्प ड्युटीसाठीचा तक्ता आहे, त्यानं गिऱ्हाईक येत नाही. उलट घेणाऱ्याचा खर्च वाढतो, त्याला 6 टक्के स्टॅम्प (बाईच्या नावावर घेतलं तर 5) मोबदला आणि रेकनर यातल्या जास्तीच्या आकड्यावर भरावा लागतो. आणि रेकनरपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त खाली विकलंत तर इन्कम टॅक्सवाले तुमच्याकडं रेकनरच्याच किमतीचा हिशेब मागतात. वाड्याचा भाव ठरतो पुढच्या रस्त्याची रुंदी किती आणि आत जुने भाडेकरू किती यावर. भाडेकरू असतील तर आधी त्यांच्याशी बसा, भाव नंतर विचारा.

प्रश्न : होटगी रोडला प्लॉट घ्यायचाय. प्लॉटिंगवाला म्हणतो विमान सुरू झालं, दोन वर्षांत डबल.

उत्तर : विमान सुरू झालंय, 9 जून 2025 ला गोव्याचं उडालं. पण रेट तर 15 जून 2023 ला विमानतळाजवळच्या सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली तेव्हापासूनच सांगणारे वाढवून सांगतायत, त्या रेटनं खरेदी झाल्यात का ते वर सांगितलं तसं तपासा. आणि चिमणी का पाडली ते आठवा, उंचीमुळं. धावपट्टीच्या जवळ तुम्हाला पण किती मजले चढवता येतील याची परवानगी लागेल, ते आधी विचारून घ्या. एनए (बिगरशेती) ऑर्डर आणि मंजूर लेआउट बघा. नोटरी करून देतो, रजिस्टर नंतर बघू असं म्हणाला तर चहा प्या आणि परत या.